जुन्या जीपचें पुढलें डिफरन्शियल
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोते हो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटलें असेल. पस्तीस वर्षें मुलांना त्रैराशिक आणि अपूर्णांक शिकवून घरीं बसलेल्या मास्तरानें मोटारीच्या पोटांतल्या दंतचक्रांविषयीं बोलावें, हें जरासें विचित्रच. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं एक प्रकार माझ्या डोळ्यांसमोर, व थोडासा माझ्या हातानेंहि, घडला. त्यांत मला असें आढळून आलें कीं, जेथें पाना आणि हातोडा थकले तेथें अखेरीस साध्या भागाकारानें काम केलें. तोच भागाकार आधीं केला असता तर एका कुटुंबाचे दोन-तीन महिने आणि बरेंचसें द्रव्य वांचलें असतें. ती हकीकत सांगावी म्हणून मी आलों आहें.

माझा पुतण्या भोर तालुक्यांत, वरंध घाटाच्या अलीकडच्या डोंगराळ भागांत राहतो. भाताचीं थोडीं खाचरें, चार-सहा दुभतीं जनावरें आणि एक जुनी जीप, एवढा त्याचा पसारा. वाडी मुख्य रस्त्यापासून तीन मैल आंत, व त्यांतला शेवटचा दीड मैल निव्वळ मातीचा. मृग लागला कीं त्या वाटेचा चिखल होतो आणि आषाढांत बैलगाडीहि आंसापर्यंत रुतते. सकाळीं दूध खालीं केंद्रावर पोंचविणें, लावणीच्या दिवसांत माणसें आणणें, कोणी आजारी पडल्यास त्याला दवाखान्यांत नेणें, हीं सारीं कामें ती जीप करीत असे. चिखलांत तिला तें जमे, याचें कारण तिचीं चारहि चाकें एंजिनाला जोडतां येत.

इ. स. २०२२ च्या आषाढांत एका पहाटे ही जीप चढावर उभी राहिली. पुढल्या बाजूनें कडकड असा आवाज झाला. मागचीं चाकें जागच्या जागीं गरगर फिरूं लागलीं आणि पुढचीं निश्चल राहिलीं. त्या वेळीं गाडींत दूध नव्हतें. शेजारच्या घरीं पहिल्या बाळंतपणाला आलेली मुलगी होती. चौघांनीं तिला झोळींत घालून भर पावसांत मुख्य रस्त्यापर्यंत नेलें. ती व तिचें मूल सुखरूप आहेत. परंतु त्या दिवसापासून वाडींतला जो तो पुतण्याला एकच प्रश्न विचारूं लागला, "पुढचा पावसाळा कसा काढायचा रे?"

मोडलें होतें तें पुढल्या आंसावरील डिफरन्शियल. हें काय प्रकरण आहे, हें प्रथम समजावून घेऊं. शाळेंतल्या लेझमीच्या कवाइतींत आठ मुलांची रांग काटकोनांत वळतांना आपण पाहिली असेल. आंतला मुलगा जवळजवळ जागच्या जागीं पाय हलवितो व बाहेरच्याला मात्र ढांगा टाकाव्या लागतात. गाडीच्या चाकांचें तसेंच आहे. जीपच्या डाव्या-उजव्या चाकांत अंतर सुमारें चार फूट. गाडी काटकोनांत वळली कीं बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां सुमारें सव्वासहा फूट अधिक चालतें. आणि गंमत अशी कीं, वळण लहान घ्या वा मोठें घ्या, हा फरक तेवढाच राहतो. विद्यार्थ्यांनीं वर्तुळाच्या परिघाचें सूत्र वापरून घरीं पडताळा पाहावा. बैलगाडींत याची अडचण पडत नाहीं, कारण तेथें आंस स्थिर असतो व त्यावर प्रत्येक चाक आपल्या मतानें फिरतें. गाडी ओढणारे बैल पुढें असतात. चाकांना कोणी फिरवीत नाहीं. मोटारींत मात्र चाकालाच फिरवून गाडी ढकलावयाची असते. दोन्ही चाकें एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसविलीं, तर प्रत्येक वळणावर त्यांतलें एक तरी चाक घांसटत जाणार.

यावर युक्ति काढली ती अशी. एक लांब बांबू आडवा धरून दोन टोकांशीं दोन मुलें उभीं करा आणि तिसऱ्यानें तो मधोमध धरून पुढें ढकलावा. दोघेंहि सारख्याच सहजतेनें चाललीं तर सारा बांबू सरळ पुढें जाईल. एकानें पाय रोवला तर त्याचें टोक तेथेंच राहील, आणि मध्य एक हात पुढें सरकला तर दुसरें टोक दोन हात जाईल. म्हणजे मध्याची चाल ही नेहमीं दोन टोकांच्या चालीची सरासरी असते. डिफरन्शियलमध्यें या बांबूचें काम दोन लहान दंतचक्रें करतात. आंस मध्यें तोडून त्याचे दोन अर्धे केलेले असतात; प्रत्येक अर्ध्याच्या आंतल्या टोकाला एक दंतचक्र असतें, व हीं दोन लहान चक्रें त्या दोहोंच्या मध्यें, दोघांच्या दांतांत दांत घालून बसलेलीं असतात. ज्या लोखंडी पिंजऱ्यांत तीं असतात तो पिंजरा एंजिन फिरवितें. गाडी सरळ जात असतां लहान चक्रें स्वतःभोंवतीं फिरतच नाहींत. वळण आलें कीं तीं किंचित् फिरतात, आणि एका चाकानें गमावलेली चाल दुसऱ्याला देतात. फ्रान्समध्यें ओनेसिफोर पेकर नांवाच्या यंत्रज्ञानें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं ही रचना योजली, आणि इंग्लंडांत जेम्स स्टार्ली यानें १८७७ सालीं ती तीनचाकी सायकलला लावली. म्हणजे पेट्रोलच्या मोटारीहून हें यंत्र वयानें वडील आहे.

आतां या पिंजऱ्याला फिरवितें कोण? एंजिनाकडून येणारा लांब दांडा. दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेनें फिरतो आणि आंस तर आडवा. म्हणून दांड्याच्या टोकाशीं एक लहान दंतचक्र असतें, त्यास पिनियन म्हणतात. तें पिंजऱ्याभोंवतीं कसलेल्या एका मोठ्या दंतचक्राला फिरवितें, त्यास क्राऊन म्हणतात. दिशा बदलण्याबरोबर ही जोडी वेगहि उतरविते. पिनियनला आठ दांत आणि क्राऊनला त्रेचाळीस असले, तर चाक एकदां फिरण्यास दांडा ४३ भागिले ८, म्हणजे ५.३७५ वेळां फिरावा लागतो. हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें सारा घोटाळा त्यानेंच केला.

डिफरन्शियलचा एक मोठा दोषहि सांगितला पाहिजे. तें दोन्ही चाकांना जोर सारखाच वांटतें. एक चाक चिखलांत असलें व त्याला कांहींच जोर लागत नसला, तर दुसऱ्यालाहि कांहींच मिळत नाहीं. एक गरगरतें, दुसरें स्वस्थ उभें. म्हणूनच जीपला पुढलीं चाकें जोडण्याची सोय केलेली असते. पण या जुन्या जीपांत पुढचा आणि मागचा आंस यांच्यामध्यें मात्र तिसरें डिफरन्शियल नाहीं. दांडी ओढली कीं पुढला दांडा आणि मागला दांडा एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळतांना पुढलीं चाकें मागच्यांहून लांबच्या वाटेनें जातात. चिखलांत तो फरक चाकें घसरून निघून जातो, परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरण्यास वाव नसतो. मग सारा ताण दांड्यांत आणि दांतांत सांठत राहतो. पुतण्यानें ठेवलेल्या चालकास डांबरी रस्त्यावरहि 'चारहि चाकें लावून' हांकण्याची हौस होती. त्या हौसेनेंच पिनियनचा एक दांत आधीं तडकला असावा, असा माझा तर्क आहे. आषाढांतला चढ हें केवळ निमित्त.

नवा आंस घेण्याची ऐपत नव्हती, आणि इतक्या जुन्या गाडीचा नवा आंस मागून मिळतोहि क्वचित्. तेव्हां भंगाराचा रस्ता धरला. जीपचे आंस आपल्याकडे भंगारांत मिळतात याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत अशा सहा लाखांहून अधिक जीपा बनल्या, आणि युद्ध संपल्यावर हिंदुस्थानांत राहिलेल्या पुष्कळशा लिलांवांत निघाल्या. मुंबईंत १९४५ सालीं स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नांवानें चाललेल्या कंपनीनें पुढें याच जातीच्या जीपा येथें जोडण्यास व नंतर बनविण्यास आरंभ केला. त्यामुळें दोन्ही वंशांचे अवशेष एकाच ढिगांत येऊन पडलेले असतात, आणि रंग उडाल्यावर कोणता कोणाचा हें बाहेरून ओळखूं येत नाहीं.

दिवाळीनंतर पुतण्यानें कुर्ल्याच्या भंगार बाजारांतून एक अख्खा आंस आणला. विकणाऱ्यानें "हाच तुमच्या जीपचा" असें शपथेवर सांगितलें होतें. मी सहज म्हणालों, "अरे, आंतलें कांहीं पाहिलेंस का?" तो म्हणाला, "काका, भोकास भोक जुळतंय, दांडा बसतोय, अजून काय पाहायचं?" मला तरी त्या वेळीं याहून अधिक काय ठाऊक होतें!

अख्खा आंस बदलण्याचें काम घरीं होण्यासारखें आहे. गोठ्यापुढच्या अंगणांत मागल्या चाकांना लांकडी ठोकळे लावून जीपचें तोंड उचललें व चॅसिसखालीं लोखंडी घोड्या दिल्या. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं, अथवा विटांच्या चळतीवर टेकलेल्या गाडीखालीं, कोणीहि शिरूं नये. वीट सांगून सवरून फुटत नाहीं. त्यानंतर चाकें, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे व पुढला लांब दांडा सोडविला, पाट्यांचे यू-बोल्ट काढले, आणि जुना आंस चौघांनीं उचलून बाहेर काढला. नवा घालण्यास दोन दिवस लागले. ब्रेकांतली हवा काढून टाकण्यांत तिसरा गेला.

शेताच्या ओल्या बांधावर गाडी झकास चालली. पेढेहि वांटले गेले. पण मुख्य रस्त्याजवळच्या कडक मुरमावर आल्यावर ती कण्हूं लागली. सरळ वाटेवरहि स्टिअरिंग जड होई, टायर कुरकुरत, आणि चार चाकांची दांडी एकदां ओढली कीं परत सुटेना. गाडी मागें घेतली म्हणजे मग खट्‌कन् सुटे. गांवांतल्या मिस्त्र्याचें म्हणणें पडलें कीं दांडीखालची पेटी बिघडली, ती खोला. पेटी खोलण्याचा खर्च ऐकून पुतण्या माझ्याकडे पाहूं लागला.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. वळतांना ताण यावा हें मला समजत होतें. सरळ जातांना कां यावा? सरळ जातांना चारहि चाकें सारखीच वाट चालतात. त्यांना फिरविणारे दोन्ही दांडे एकमेकांना बांधलेले. मग ताण येण्याला एकच जागा उरते: दांड्याच्या एका फेऱ्यांत पुढलें चाक आणि मागलें चाक सारखें फिरत नसलें पाहिजे.

हें तपासण्यास आंस उघडावा लागत नाहीं, आणि ही रीत आपण लिहून घ्यावी असें मी सुचवीन. पुढलें एकच चाक जमिनीपासून उचला, त्याखालीं घोडी द्या, आणि बाकीच्या तिन्ही चाकांना ठोकळे लावा. चारचाकी दांडी सुटलेली असूं द्या. टायरवर व लांब दांड्यावर खडूनें एकेक खूण करा. आतां उचललेलें चाक हातानें बरोबर वीस वेळां फिरवा आणि दुसऱ्यानें दांड्याचे फेरे मोजावे. येथें बांबू आठवा: एक टोक जमिनीवर रोवलेलें आहे, म्हणून मध्याची चाल निम्मी. चाकाचे वीस फेरे म्हणजे पिंजऱ्याचे दहा. तेव्हां दांड्याचे जे फेरे भरतील त्यांस दहानें भागिलें कीं गुणोत्तर मिळालें. मग मागच्या आंसाशीं हेंच करा, गिअर सुटा ठेवून. मात्र या जुन्या जीपांत हातब्रेक मागल्या लांब दांड्यावरच काम करतो. तो सोडल्याशिवाय दांडा फिरणार नाहीं, आणि सोडल्यावर गाडीला ठोकळ्यांशिवाय आधार नाहीं, हें विसरूं नये.

मी पाट मांडून बसलों, हातांत खडू. पुढल्या दांड्याचे फेरे भरले एकूणपन्नासाला पाव कमी. मागल्याचे भरले चौपन्नाला पाव कमी. पुतण्या म्हणाला, "पांच फेऱ्यांचा तर फरक!" मी म्हटलें, "अरे, दहांत पांच नव्हे, पन्नासांत पांच. म्हणजे शेंकडा दहा. मागचीं चाकें शंभर पावलें जातात तेवढ्यांत पुढचीं एकशेंदहा जाऊं पाहतात. प्रत्येक शंभर पावलांमागें दहा पावलें कोणीतरी घसरलेंच पाहिजे." चिखलांत तीं दहा पावलें कोणालाहि कळलीं नव्हतीं. झांकण उघडून दांत मोजले. पुढें क्राऊनला ३९ व पिनियनला ८. मागें ४३ व ८. युद्धांतल्या सैनिकी जीपचें गुणोत्तर ३९ ला ८ असें होतें. युद्धानंतर नागरी उपयोगासाठीं, शेतावर ओढकाम करावें म्हणून जी जीप निघाली, तिचा वेग थोडा उतरवून व जोर वाढवून तें ४३ ला ८ केलें गेलें. आणि पुतण्याची सी. जे. ३ बी ही या दुसऱ्या वंशांतली. हाच तो भागाकार, जो बाजारांत उभ्या उभ्या दहा मिनिटांत झाला असता.

दुसऱ्या खेपेस मी बरोबर गेलों. या वेळीं आम्ही प्रथम झांकण उघडून दांत मोजूं व मग किंमत बोलूं असें सांगितलें, तेव्हां दोघां दुकानदारांनीं आम्हांला हांकलूनच दिलें. तिसऱ्याकडे घाटांतून कोसळलेल्या एका जीपचा आंस होता. त्रेचाळीस आणि आठ. दांतांच्या अंगावर नख फिरवून पाहिलें. कोठें खड्डा नाहीं, निळसर झांक नाहीं, गंजाचा ठिपका नाहीं. निळसर झांक म्हणजे दांत तापून त्याचें पाणी उतरल्याची खूण, आणि गंज म्हणजे आंत पाणी शिरल्याची. क्राऊन आणि पिनियन या दोहोंवर कोरलेला जोडीचा आंकडा एकच होता. हें फार महत्त्वाचें. हीं दोन चक्रें कारखान्यांत एकमेकांवर घांसून जुळविलेलीं असतात. एकाचें लग्न मोडून दुसऱ्याशीं लावतां येत नाहीं. शिवाय ४३ ही मूळ संख्या असल्यामुळें पिनियनचा प्रत्येक दांत पाळीपाळीनें क्राऊनच्या त्रेचाळिसांपैकीं प्रत्येकाला भेटतो. त्यामुळें झीज सारखी होते. पण त्याच कारणानें पिनियनचा एक दांत तुटला तर तो क्राऊनच्या सर्व दांतांना दुखावतो. आमचें जुनें क्राऊन वरवर धड दिसत असूनहि ठेवण्याजोगें नव्हतें, तें यामुळें.

दांत चांगले, पण या आंसाचें हाउसिंग मात्र दगा देणारें निघालें. गवंडी लावतात तसा दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून पाहिला, तों मध्यें किंचित् बांक. आमचें जुनें हाउसिंग सरळ होतें. तेव्हां दांतांची जोडी काढून जुन्या घरांत बसविणें एवढाच मार्ग उरला. हें काम अख्खा आंस बदलण्याहून फार नाजूक आहे. कित्येक गाड्यांत डिफरन्शियलचा गोळा अख्खा सुटून येतो; या आंसांत तसें नाहीं. येथें प्रत्येक माप त्या त्या हाउसिंगमध्येंच जुळवावें लागतें. ज्याला अख्खा सरळ आंस योग्य दांतांसह मिळेल त्यानें आमच्या वाटेस जाऊं नये.

खोलतांना एक पथ्य पाळावें. पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगांवर अर्धगोल टोप्या असतात. त्या हाउसिंगबरोबरच कातलेल्या असल्यानें डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, आणि जशी होती त्याच तोंडानें परत बसली पाहिजे. हाउसिंग डिझेलनें तीनदां धुतलें, नळ्यांतून लोहचुंबक फिरविला, तरी तिसऱ्या धुण्यांतहि दाताची एक कपची निघाली. बेअरिंगें आणि तेल अडविणारे सील नवीन घेतले. येथें काटकसर करूं नये असें माझें स्पष्ट मत आहे. चांगल्या पोलादाचा दांत दुसऱ्या गाडींत आयुष्य काढून आला तरी चालतो. झिजलें बेअरिंग त्या दांताला जागेवर राहूं देत नाहीं.

आतां जुळणी. पिनियन किती आंत बसावें आणि क्राऊन त्याच्या किती जवळ यावें, या दोन गोष्टी पातळ पोलादी चकत्या घालून ठरवितात. त्यांस शिम म्हणतात. पिनियनच्या माथ्यावर अधिक वा उणें असा एक बारीक आंकडा कोरलेला असतो. तो इंचाच्या सहस्रांशांचा हिशेब. आमच्या जुन्या पिनियनवर अधिक एक होता, आणलेल्यावर उणें दोन. म्हणजे चकत्यांत तीन सहस्रांशांचा फरक करणें प्राप्त होतें. ही केवळ सुरुवात. खरी परीक्षा शेंदरानें होते. होय, मारुतीला लावतात तोच शेंदूर, तेलांत कालवून क्राऊनच्या चार-पांच दांतांवर पातळसर माखावयाचा, आणि क्राऊनला हातानें थोडा अडथळा ठेवून पिनियन फिरवावयाचें. जेथें दांताला दांत भिडतो तेथला शेंदूर पुसला जाऊन चकचकीत ठसा उमटतो. ठसा दांताच्या मुळाशीं उमटला तर पिनियन फार आंत गेलें आहे. शेंड्याशीं उमटला तर फार बाहेर राहिलें आहे. तो दांताच्या मध्यावर आला पाहिजे. शेंदूर हा शिशाचा असतो, तेव्हां त्या हातानें चहाची कपबशी उचलूं नये. साबणानें हात धुवावे, आणि मुलांना दूर ठेवावें.

प्रत्येक ठशानंतर चकती बदलावयाची म्हणजे प्रत्येक वेळीं बेअरिंग ठोकून काढावयाचें, आणि नवें बेअरिंग असें चार वेळां काढलें कीं तें जुनें झालें. यावर तालुक्याच्या एका लेथवाल्यानें फार चांगली युक्ति सांगितली. त्यानें आमचींच टाकून दिलेलीं बेअरिंगें घेतलीं आणि तीं हातानें घालतां-काढतां येतील इतकीं जेथल्या तेथें घांसून दिलीं. सारे प्रयोग त्यांवर करावयाचे व माप ठरलें कीं मग नवीं घालावयाचीं. भंगाराचा इतका सुंदर उपयोग मीं दुसरा पाहिला नाहीं. त्याच गृहस्थानें आपला डायलचा गेजहि आठ दिवस वापरण्यास दिला. त्यानें क्राऊन व पिनियन यांच्या दांतांमधली मोकळीक मोजतात. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले जेमतेम पांच-सात, इतकी ती असावी. अगदीं नसली तर तापल्यावर दांत एकमेकांना चावतात. फार झाली तर प्रत्येक धक्क्याला हातोडीसारखे आपटतात.

पहिला ठसा मुळाशीं आला. दुसरा शेंड्याशीं, कारण आम्ही उत्साहाच्या भरांत एकदम जास्त चकती काढली होती. तिसरा पुन्हां मुळाकडे झुकला. पुतण्या वैतागून गोठ्यांत निघून गेला. चौथा जवळ आला आणि पांचवा मध्यावर पडला. मग नवीं बेअरिंगें घालून पुन्हां एकदां ठसा घेतला व मोकळीक मोजली. सहा सहस्रांश भरली. पिंजरा बेअरिंगांसह जागेवर थोडा घट्टच बसला पाहिजे. तो लाकडी हातोड्यानें, दोन्हीकडून सारखा, चुचकारून आंत बसविला. क्राऊनचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनें आंवळले.

तेलाबद्दल थोडें. या आंसांत पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याशीं एका रेषेंत नसून खालच्या अंगाला असतो. त्यामुळें दांत एकमेकांवर नुसते टेकत नाहींत, घांसत सरकतात. साधें तेल त्या दाबाखालीं फांटतें. म्हणून नव्वद नंबरचें, आणि डब्यावर हायपॉइड असें लिहिलेलें तेलच घालावें. सुमारें सव्वा लिटर मावतें. बाजूच्या भोकांतून ओघळूं लागलें कीं पुरे.

गुढी पाडव्याच्या आदल्या दिवशीं, म्हणजे मार्च २०२३ मध्यें, वीस फेऱ्यांचा तोच प्रयोग पुन्हां केला. पुढें चौपन्नाला पाव कमी, मागें चौपन्नाला पाव कमी. त्यानंतर गाडी पांच मैल हळू नेऊन उभी केली व हाउसिंगला हात लावून पाहिला. कोमट होतें, चटका नव्हता. दोनशें मैलांवर पहिलें तेल काढून टाकलें. त्यांत राखेसारखी बारीक पूड होती, पण कपची नव्हती. पुन्हां ताजें तेल भरलें. चालकाला दांडीजवळ पत्र्यावर रंगानें लिहून दिलें, "डांबरावर ओढूं नये."

मृगांत जीप वाटेवर होती. त्या आषाढांत मी चार दिवस वाडीवर जाऊन राहिलों. पहांटेच दुधाच्या किटल्यांचा आवाज यावा, मग एंजिनाचा, आणि मग चढावरून तो आवाज तसाच, न अडतां, पलीकडे उतरावा, एवढें ऐकून मी पुन्हां पांघरूण ओढून घेत असें. तो ३९ दांतांचा पहिला आंस मात्र अजून गोठ्यामागें पडून होता. त्या श्रावणांत एक भंगारवाला तो वजनावर घेऊन गेला. देण्यापूर्वीं मीं त्याच्या हाउसिंगवर पांढऱ्या रंगानें ठळक अक्षरांत ३९–८ असें लिहिलें, आणि रंग वाळेपर्यंत त्याला चहा पाजून बसवून ठेवलें.